जंतूची अक्षरओळख

१९९४ सालचा सप्टेंबर महिना. मी नुकताच एम.बी.बी.एस. होऊन एका सरकारी रुग्णालयात इंटर्नशिप करीत होतो. गणपती विसर्जन होऊन चार दिवस झाले असतील, तोच बातमी आली की सुरतेत प्लेग आला. त्याआधीच बीड जिल्ह्यातील मामला गावात उंदीर मरून पडू लागले होते आणि माणसांच्या जांघेत गाठी येऊ लागल्या होत्या. सुरतेत गाठींऐवजी ताप, खोकला, बेडक्यातून रक्त आणि दोन-तीन दिवसांत मृत्यू असा प्रकार होता. पन्नासहून अधिक माणसे दगावली. लाखो लोक शहर सोडून निघाले. मी सुट्टीत कराडला आलो, तर एस.टी. स्टँडवर तोंडाला रुमाल बांधलेले प्रवासी उतरत होते आणि औषधांच्या दुकानांतून टेट्रासायक्लिनच्या कॅप्सूल केव्हाच संपल्या होत्या. शेजारच्या एक वृद्ध आजी लहानपणी गावाबाहेर माळावरच्या झोपडीत काढलेल्या प्लेगच्या दिवसांची आठवण सांगून म्हणाल्या, "पोरा, तू डॉक्टर झालास न्हवं? मग सांग, ह्यो त्योच का दुसरा?"

मला सांगता आले नाही. माझ्या वरिष्ठांनाही ठामपणे सांगता येत नव्हते. देशात प्रयोगशाळेत सिद्ध झालेला प्लेगचा शेवटचा रुग्ण १९६६ सालचा. प्लेगचा जंतू अलेक्झांडर येर्सिन यांनी हाँगकाँगमध्ये शोधून काढला तो १८९४ साली, म्हणजे बरोबर शंभर वर्षांपूर्वी. तरीही कोणी म्हणे हा प्लेग, कोणी म्हणे मेलिऑयडोसिस, कोणी म्हणे हंता नावाचा विषाणू. प्रा. रामलिंगस्वामी यांच्या अध्यक्षतेखालील समितीने पुढे प्लेगच असल्याचा निष्कर्ष काढला, पण शंका पूर्ण मिटल्या नाहीत. २००० साली हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेतील शास्त्रज्ञांनी साथीच्या वेळी मिळवलेल्या जंतूंच्या एका जनुकातील अक्षरे वाचून, त्यांच्या जनुकीय ठशांची तुलना करून, हा प्लेगचाच जंतू असल्याचे प्रसिद्ध केले. साथ आली १९९४ ला आणि जंतूची अक्षरे छापून आली २००० साली!

एवढा गोंधळ का झाला? अनेक कारणे होती. त्यांतले एक साधे आहे आणि तुमच्या-माझ्या हातातले आहे. अनेकांनी नमुना देण्याआधीच टेट्रासायक्लिन घेतलेले होते. औषध पोटात गेल्यावर प्रयोगशाळेत जंतू वाढेलच असे नाही. आधी औषध आणि मग तपासणी, हा उलटा क्रम. आजच्या लेखाचा विषय नव्या तंत्राचा आहे, पण हे जुने सूत्र वाचकांनी शेवटपर्यंत ध्यानात ठेवावे.

माझीच एक चूक

आता अलीकडची गोष्ट सांगतो. कोरोनाची साथ ओसरल्यानंतरच्या काळातली. गुऱ्हाळावर काम करणारे एक पस्तिशीतले गृहस्थ खोकला व ताप घेऊन माझ्याकडे आले. धुराचे काम, रात्रीची जागरणे. मी छाती तपासली आणि न्यूमोनियाची सुरुवात समजून लेवोफ्लॉक्सासिनच्या गोळ्या पाच दिवस दिल्या. बरे वाटले. महिन्याने परत आले, पुन्हा त्याच गोळ्या दिल्या, पुन्हा थोडे बरे वाटले. तिसऱ्या वेळी त्यांच्या पत्नी सोबत होत्या. त्या म्हणाल्या, "डॉक्टर, ह्यांची कापडं आता अंगावर ऱ्हाईनात. नुसती हाडं दिसत्यात." तेव्हा माझे डोळे उघडले. बेडका तपासायला पाठवला. क्षयरोग निघाला.

लेवोफ्लॉक्सासिन हे क्षयाच्या जंतूवरही चालणारे औषध आहे. म्हणून ते दिले की क्षयाच्या रुग्णाला काही दिवस बरे वाटते, रोगाचे निदान लांबते आणि एकट्याच औषधाचा मार बसल्याने जंतू त्याला सरावण्याचा धोका राहतो. पुस्तकात हे मी वाचलेले होते. दवाखान्यात गर्दी असली की पुस्तक मागे पडते. असो.

सरकारी रुग्णालयात सीबीनॅट यंत्रावर तपासणी झाली. उत्तर आले: क्षयाचा जंतू आहे, रिफाम्पिसिन या औषधाला दाद देणारा आहे. आम्ही सर्वांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि नेहमीची चार औषधे सुरू झाली. पुढच्या तपासणीसाठी आणखी एक बेडका द्यायचा होता. गुऱ्हाळाचा हंगाम सुरू होता, ते गेले नाहीत आणि मीही विचारले नाही. दोन महिने झाले तरी खोकला थांबेना, वजन वाढेना, बेडक्यात जंतू दिसतच होते. पत्नीने विचारले, "रिपोर्ट तर चांगला आला हुता न्हवं?"

रिपोर्ट खोटा नव्हता. त्या यंत्राला आपण एवढेच विचारले होते की जंतू आहे का आणि रिफाम्पिसिन चालेल का. दोन्हींची उत्तरे त्याने बरोबर दिली. आयसोनियाझिड चालेल का, हे आपण विचारलेच नव्हते.

तपासणीच्या पायऱ्या

क्षयाच्या तपासण्यांची नावे रुग्णांच्या कानावर पडतात, पण प्रत्येकीचा अर्थ वेगळा आहे. म्हणून त्या ओळीने सांगतो.

पहिली, काचपट्टीवरची तपासणी. रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी क्षयाचा जंतू जगापुढे मांडला, तेव्हापासून जंतू रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याची रीत आहे. ती स्वस्त आणि झटपट. पण बेडक्याच्या एका मिलिलिटरमध्ये साधारण पाच ते दहा हजार जंतू असतील तरच ते डोळ्यांना दिसतात, आणि कोणत्या औषधाने मरतील हे पाहून कळत नाही.

दुसरी, कल्चर म्हणजे जंतू वाढवणे. आतड्यातला साधा ई. कोलाय जंतू वीस मिनिटांत दुप्पट होतो, तर क्षयाच्या जंतूला त्यासाठी पंधरा ते वीस तास लागतात. म्हणून कल्चरचे उत्तर यायला दोन आठवड्यांपासून आठ आठवडे जातात. उत्तर भरवशाचे, पण तोपर्यंत रुग्ण घरात खोकतच असतो.

तिसरी, सीबीनॅट आणि ट्रूनॅट. बेडक्यातल्या जंतूच्या जनुकाचा ठरावीक तुकडा शोधून, त्याच्या असंख्य प्रती काढून ही यंत्रे जंतू ओळखतात. सीबीनॅटला जागतिक आरोग्य संघटनेने २०१० च्या डिसेंबरात मान्यता दिली. त्याचे उत्तर दोन तासांत मिळते. ट्रूनॅट हे आपल्या शेजारच्या गोव्यातील कंपनीचे, बॅटरीवर चालणारे यंत्र. त्याला ही मान्यता २०२० मध्ये मिळाली.

चौथी, एलपीए म्हणजे पट्टीवरची तपासणी. जंतूच्या जनुकांतले नेहमी बिघडणारे ठरावीक भाग पट्टीवरच्या रेघांनी ताडून पाहतात. तिच्यातून आयसोनियाझिडची आणि दुसऱ्या पट्टीवर लेवोफ्लॉक्सासिनच्या गटातील औषधांची माहिती मिळते.

आणि पाचवी, जी आता दाराशी आली आहे, ती जनुकीय अक्षरवाचनाची, म्हणजेच जिनोम सिक्वेन्सिंगची.

फरक एका उदाहरणाने सांगतो. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत तुम्ही मतदार यादी घेऊन एकच नाव शोधलेत, तर ते आहे की नाही एवढेच कळेल. हे झाले सीबीनॅट. यादीची पाच-सहा ठरलेली पाने पाहिलीत, तर ती झाली एलपीए. पण पहिल्या नावापासून शेवटच्या नावापर्यंत सबंध यादी वाचलीत, तर कोण नवे आले, कोणाचे आडनाव चुकले, कोणाचे नाव गळाले, सगळे कळेल. हे झाले सिक्वेन्सिंग.

अक्षरे कोणती आणि ती वाचतात कशी?

प्रत्येक सजीवाची घडण त्याच्या डी.एन.ए.मध्ये लिहिलेली असते, आणि ती लिपी अवघ्या चार अक्षरांची आहे: ए, टी, जी आणि सी. माणसाच्या घडणीची पोथी सुमारे तीनशे कोटी अक्षरांची. क्षयाच्या जंतूची सुमारे ४४ लाखांची. ती १९९८ मध्ये प्रथम संपूर्ण वाचली गेली. कोरोनाच्या विषाणूची लिपी थोडी वेगळी, आर.एन.ए.ची, आणि लांबी फक्त तीस हजारांच्या आसपास.

या पोथीत एक अक्षर बदलले तर काय होते? आयसोनियाझिडचेच पाहा. ही गोळी पोटात जाते तेव्हा ती पुरती औषध झालेली नसते. क्षयाचा जंतू आपल्या एका विकराने, म्हणजे एन्झाइमने, तिच्यावर प्रक्रिया करतो आणि त्यातून जे तयार होते तेच त्याला मारते. थोडक्यात, जंतू आपले विष आपल्याच चुलीवर शिजवतो. हे विकर बनवणाऱ्या जनुकाचे नाव कॅट-जी. त्यात एका ठिकाणी एजीसी अशी तीन अक्षरे असतात. त्यांच्या जागी एसीसी झाले, म्हणजे मधल्या जी ऐवजी सी आला, की विकर बदलते आणि चूल पेटेनाशी होते. गोळी पोटात जाते, पण विष काही तयार होत नाही. ४४ लाखांतले एक अक्षर, आणि रुग्ण महिनोन् महिने निरुपयोगी गोळी गिळत राहतो. रिफाम्पिसिनच्या बाबतीतही सर्वांत नेहमीचा बदल एकाच अक्षराचा आहे, टीसीजी ऐवजी टीटीजी.

रिफाम्पिसिनचे बहुतेक बिघाड जनुकाच्या अवघ्या ८१ अक्षरांच्या पट्ट्यात होतात, म्हणून सीबीनॅटला ते सापडतात. पायराझिनामाइडचे तसे नाही. त्याच्याशी संबंधित जनुकात बिघाड कुठेही, अगदी विखरून होतात. तिथे ठरावीक जागा तपासून भागत नाही, जनुक सबंधच वाचावे लागते. सिक्वेन्सिंगची गरज इथे खरी कळते.

अक्षरे वाचण्याची पहिली प्रचलित पद्धत इंग्लंडच्या फ्रेडरिक सँगर यांनी १९७७ मध्ये दिली. त्याबद्दल त्यांना १९८० मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. त्या पद्धतीत एका वेळी एक तुकडा, काही शे अक्षरांचा वाचता येतो. एखाद्या जनुकापुरते ते आजही उत्तम चालते.

नव्या पद्धतीत डी.एन.ए.चे बारीक तुकडे करून ते काचेच्या पट्टीवर चिकटवतात. प्रत्येक अक्षर जुळताना विशिष्ट प्रकाश चमकतो, कॅमेरा त्याची नोंद घेतो, आणि असे लाखो-कोट्यवधी तुकडे एकाच वेळी वाचले जातात. आणखी एका पद्धतीत डी.एन.ए.चा धागा अतिसूक्ष्म छिद्रातून ओढतात. अक्षर बदलले की छिद्रातून जाणारा विद्युत्प्रवाह बदलतो आणि त्यावरून अक्षर ओळखतात. या प्रकारचे लहान यंत्र हाताच्या पंजात मावते.

वाचलेले तुकडे जुळवण्याचे काम संगणकाचे. एकाच पोथीच्या शंभर प्रती फाडून तुकड्यांचा ढीग केला आणि शेजारी एक धड प्रत ठेवली, तर ताडून ताडून कोणता तुकडा कुठला हे लावता येईल. संगणक तेच करतो आणि मूळ प्रतीपेक्षा कुठे अक्षर वेगळे आहे ते दाखवतो. मग तो बदल निरुपद्रवी आहे की औषध निकामी करणारा, हे यादीत पाहायचे. क्षयाच्या जंतूतील अशा बदलांची यादी जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये प्रसिद्ध केली आणि २०२३ मध्ये तिची सुधारित आवृत्ती काढली.

इथे दोन प्रकार समजून घ्यावेत. जंतूची पूर्ण पोथी वाचायची तर बहुधा आधी कल्चर करून जंतू वाढवावा लागतो, म्हणजे पुन्हा काही आठवडे गेले. इंग्लंडमध्ये २०१७ पासून क्षयासाठी ही पद्धत नित्याची झाली आहे. दुसरा प्रकार म्हणजे औषधांशी संबंधित मोजकीच जनुके थेट बेडक्यातून वेगळी करून ती सबंध वाचणे. नमुना प्रयोगशाळेत पोहोचला की याचे उत्तर काही दिवसांत मिळू शकते. या दुसऱ्या प्रकाराची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत केली आहे.

महाराष्ट्राला याचे महत्त्व अधिक. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उडवाडिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ च्या अखेरीस, त्या वेळी तपासलेल्या एकाही औषधाला दाद न देणाऱ्या क्षयाचे रुग्ण जगापुढे आणले. त्याला काय नाव द्यावे यावर सरकारशी मतभेद झाले, पण रोग खरा होता. त्या रुग्णांनी आधी ठिकठिकाणी घेतलेले चुकीचे उपचार हा त्यातला मोठा धडा होता आणि तो माझ्यासारख्या खासगी डॉक्टरांसाठी होता.

कोरोनात काय झाले?

सिक्वेन्सिंग हा शब्द आपल्या घराघरांत पोहोचला तो कोरोनामुळे. पुण्याची राष्ट्रीय विषाणू संस्था १९५२ पासून काम करते आहे. देशातील पहिल्या रुग्णांतील कोरोना विषाणूची अक्षरे तिथेच वाचली गेली. डिसेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारने दहा प्रयोगशाळांची साखळी उभी केली. त्यानंतर महाराष्ट्रातील नमुन्यांत विषाणूचे काही बदल वाढत्या प्रमाणात दिसत असल्याचे केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २४ मार्च २०२१ रोजी जाहीर केले. त्याच घराण्यातील एका प्रकाराला ३१ मे २०२१ रोजी 'डेल्टा' हे नाव मिळाले. तोवर दुसऱ्या लाटेने आपल्या जिल्ह्यात काय केले ते कोणाला सांगायला नको. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुंबई महापालिकेने कस्तुरबा रुग्णालयात स्वतःची अक्षरवाचनाची प्रयोगशाळा सुरू केली.

त्या काळात मला रोज फोन येत. "डॉक्टर, माझा डेल्टा आहे का ते तपासून द्या." मी सांगत असे, "दादा, तुमच्या औषधात त्याने काडीचा फरक पडणार नाही." कोरोना आहे की नाही हे पीसीआर सांगत होती. कोणत्या प्रकारचा आहे, हे साथीवर नजर ठेवणाऱ्यांसाठी मोलाचे होते. एकट्या रुग्णाचा उपचार त्यावर ठरत नव्हता. क्षयाचे नेमके उलट आहे. तिथे जंतूचे अक्षर बदलले की गोळी बदलावी लागते. तंत्र तेच, उपयोग वेगळा.

गवताच्या गंजीतली सुई

कधी कधी कोणता जंतू शोधायचा हेच कळत नाही. विस्कॉन्सिन या अमेरिकेतील राज्यात १४ वर्षांचा एक मुलगा होता. जन्मतः प्रतिकारशक्ती दुबळी. ताप आणि डोकेदुखीने चार महिन्यांत तीनदा रुग्णालयात भरती झाला, मेंदूला सूज आली, पण कुठल्याही तपासणीत काही सापडेना. शेवटी त्याच्या पाठीच्या मणक्यातील पाण्यात जेवढा म्हणून डी.एन.ए. सापडला तेवढा सगळा वाचला. सुमारे तीस लाख तुकडे वाचले गेले. बहुतेक त्याचे स्वतःचेच. त्यात ४७५ तुकडे निघाले लेप्टोस्पायराचे! होय, आपल्या कोकणात आणि २००५ च्या महापुरानंतर मुंबईत ज्याने धुमाकूळ घातला तोच लेप्टो. साध्या पेनिसिलिनने मुलगा बरा झाला. २०१४ मध्ये ही हकिकत प्रसिद्ध झाली.

पण हे वाचून कोणी साध्या तापासाठी सिक्वेन्सिंग मागू नये. ती फार खर्चिक आणि मोजक्याच ठिकाणी होणारी तपासणी आहे आणि ती शेवटच्या पायरीची आहे.

यंत्राला काय कळत नाही?

पहिले, मेलेल्या जंतूचीही अक्षरे शिल्लक राहतात. उपचार पूर्ण झालेल्या रुग्णाच्या बेडक्यातही ती काही काळ सापडू शकतात. म्हणून औषधाचा गुण येतो आहे का हे पाहायला काचपट्टी आणि कल्चर याच जुन्या तपासण्या कामाच्या.

दुसरे, आपल्या घशात, कातडीवर, आतड्यात असंख्य जंतू सुखाने नांदत असतात. यंत्राला त्यांचीही नावे दिसतात. नाव सापडले म्हणजे रोग त्याच्यामुळेच झाला असे नाही. ते ठरवायला रुग्ण समोर बसवून त्याची कहाणी ऐकावीच लागते.

तिसरे, काही अक्षरबदलांचा अर्थ अजून लागलेला नाही. रिपोर्टात 'अर्थ अनिश्चित' असे लिहून आले तर घाबरू नये आणि त्यावरून औषधही बदलू नये. कल्चरवर प्रत्यक्ष औषध घालून पाहणे हा मार्ग असतोच.

चौथे, नमुन्यात जंतूच नसतील तर यंत्र काय वाचणार? लहान मुलांत, मानेच्या गाठीत, मणक्याच्या क्षयात जंतू थोडे असतात. तिथे 'नाही' असे उत्तर आले तरी रोग नाहीच असे समजू नये.

वाचकांनी काय करावे?

दोन आठवड्यांहून अधिक खोकला, संध्याकाळचा बारीक ताप, वजन घटणे, रात्रीचा घाम, बेडक्यातून रक्त, यांतले काहीही असेल तर आधी बेडका तपासावा, मग औषध. कराडच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात चौकशी करावी. सरकारी कार्यक्रमात तपासणी व औषधे मोफत आहेत. उपचार चालू असेपर्यंत आहारासाठी दरमहा मिळणारी रक्कमही नोव्हेंबर २०२४ पासून ५०० वरून १००० रुपये झाली आहे.

बेडका देण्याचीही एक रीत आहे. सकाळी उठल्यावर साध्या पाण्याने चूळ भरावी. उघड्यावर, इतर माणसांपासून लांब उभे राहावे. दोन-तीन वेळा खोल श्वास घ्यावा, शेवटचा रोखून धरावा आणि छातीच्या तळापासून खोकून जे येईल ते डबीत घ्यावे. तोंडातली पातळ थुंकी चालत नाही. दाट, चिकट असा चमचाभर बेडका पुरतो. झाकण घट्ट लावावे आणि डबी लगेच पोचती करावी. लाखो रुपयांचे यंत्र या डबीवर अवलंबून आहे. डबीत लाळ असेल तर यंत्र लाळच वाचेल.

क्षयाच्या निदानासाठी रक्तातील अँटिबॉडीची तपासणी करून घेऊ नये. ती फसवी आहे म्हणून केंद्र सरकारने २०१२ मध्येच तिच्यावर बंदी घातली आहे.

क्षय निघाला तर डॉक्टरांना तीन प्रश्न विचारावेत. रिफाम्पिसिन चालेल का हे पाहिले का? आयसोनियाझिडचे पाहिले का? पुढच्या तपासणीसाठी दुसरा बेडका गेला का? असे विचारणे उद्धटपणाचे नाही. माझ्या रुग्णाने मला हे विचारले असते, तर त्यांचे दोन महिने वाचले असते.

आणि माझ्या व्यवसायबंधूंना एक विनंती. लांबलेल्या खोकल्यावर लेवोफ्लॉक्सासिन लिहिण्याआधी पेन क्षणभर थांबवावे.

त्या गृहस्थांचे पुढे काय झाले ते सांगतो. दोन महिन्यांनी घेतलेल्या बेडक्याची एलपीए झाली. आयसोनियाझिड निकामी, बिघाड कॅट-जीमध्ये. अशा रुग्णाला रिफाम्पिसिन, इथॅम्ब्युटॉल आणि पायराझिनामाइड यांच्या जोडीला आणखी एक औषध सहा महिने द्यावे लागते. ते औषध म्हणजे लेवोफ्लॉक्सासिन, जे मी त्यांना दोनदा फुकट घालवले होते. जंतू आता त्यालाही सरावला असेल तर? दुसऱ्या पट्टीचा रिपोर्ट येईपर्यंतचे दिवस मला जड गेले. रोज सकाळी दवाखाना उघडला की पहिला विचार तोच. अखेर रिपोर्ट आला. त्या जनुकात बिघाड नव्हता. औषध चालणार होते.

सहा महिन्यांनी त्यांचा बेडका स्वच्छ झाला, वजन भरले. पुढच्या हंगामात ते काकवीची बाटली घेऊन आले. मी त्यांना माझी चूक सांगितली. ते म्हणाले, "चालायचंच, डॉक्टर." पण माझ्या मते हे चालायचे नाही. जंतूची अक्षरे वाचणारी यंत्रे आज ना उद्या आपल्या जिल्ह्यातही येतील. तोवर आणि त्यानंतरही, पहिल्या गोळीआधी बेडक्याची डबी भरणे हे काम तुमचे आणि ती मागणे हे काम माझे.